आधी बोलायचं नाही

आमच्या तोयामात, जपानच्या या बर्फाळ किनाऱ्यावर, माणसं सरळ बोलत नाहीत. छपरावरचा बर्फ घसरून दार अडलं, तरी शेजारी एवढंच म्हणणार, "यंदा जरा जास्तच पडलाय," आणि फावडं घेऊन तुमच्या अंगणात उभा राहणार. मदत करू का, असं विचारणार नाही. तुम्हीही हो म्हणायचं नाही, गपचूप चहाचं आधण ठेवायचं. बाहेरच्यांना हे फार गोड वाटतं. असेल बापडं गोड. या गोडव्यानं एका भल्या माणसाचं वाटोळं झालं, तेच सांगायला बसलोय, तेव्हा जीभ जरा तिखट झाली तर चालवून घ्या.

सावाको कानामोरी ही खिडक्यांच्या अॅल्युमिनियमच्या चौकटी बनवणाऱ्या कंपनीत कामाला. आमच्या गावात निम्मी माणसं चौकटींवरच जगतात, त्यात नवल नाही. पण सावाकोचं काम निराळं. कंपनीनं तिला नागोयाला पाठवून कोचचा कोर्स करून आणलं होतं. कोच म्हणजे मैदानावर शिट्टी फुंकणारा नव्हे. माणसाला समोर बसवायचं, प्रश्न विचारायचे, आणि पुढं काय करावं हे त्याचं त्यालाच सुचेल अशी वाट बघायची. सल्ला द्यायचा नाही. तिसऱ्या मजल्यावर काचेच्या भिंतीची छोटी खोली, दोन खुर्च्या, कोपऱ्यात तिसरी, आणि पाण्याची विजेची किटली. कोर्सच्या बाईंनी सांगितलं होतं, "ऐकणं म्हणजे अर्धं थांबणं." वर्गातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. सावाकोला मनात हसू आलं. हे तिला फार पूर्वी, कंपनीच्या खडखडणाऱ्या व्हॅनमध्ये, तिच्या पहिल्या वरिष्ठांनी, शिमाओसानांनी, फुकटात शिकवलं होतं.

तेव्हा ती कॉलेजातून नुकती आलेली, विशीतली पोर. विक्री विभागात नव्या माणसाला एक जुना माणूस नेमून देत, त्याच्या मागं मागं वर्षभर हिंडायचं. तिच्या नशिबी हिसानोरी शिमाओ आले. उंच, वाकलेले, टायला नेहमी एकच पिन. नव्या पोरी त्यांना टरकून असत, कारण हा माणूस रागवायचाच नाही. एका सुतार-ठेकेदाराकडं सावाकोनं भाव, माप, रंग, सगळं धडाधडा बोलून टाकलं आणि ठेकेदार म्हणाला, "बघू." परतताना शिमाओसान बराच वेळ गाडी चालवत राहिले. मग म्हणाले, "आज तुझा आवाज छान लागला होता."

तिला कळलं. बाकी सगळं चुकलं होतं.

"प्रश्न विचारलास ना, की गप्प बस," हे त्यांनी पुष्कळ दिवसांनी सांगितलं, तेही समुद्राच्या धक्क्यावर गाडी लावून, कोंबूत, म्हणजे समुद्रशेवाळाच्या पानात, गुंडाळलेला भात खाता खाता. "समोरचा पण गप्प बसेल. मग तुझ्या पोटात गोळा येईल, काहीतरी बोलावंसं वाटेल. तेव्हाच बोलायचं नाही. जो आधी बोलतो ना, तो अडचणीत असतो. समज की तो काहीतरी मागतोय."

"आणि दोघंही गप्प बसले तर?"

"तर चहा प्यायचा. माझ्याकडं काय बघतेस? भात खा."

पुढं ती विक्रीत चांगली रुळली, वर चढली. शिमाओसान होते तिथंच राहिले. बढतीची वेळ आली की ते कुणा दुसऱ्याचं नाव पुढं करायचे. त्यांना कधी कुणी मूर्ख म्हटलं नाही, पण पगारवाढीच्या वेळी तसंच वागवलं.

सुरुवातीची वर्षं काचेची खोली खरंच चांगली होती, हे कबूल केलं पाहिजे. जोडणी विभागातली एक मुलगी तिथं रडत आली आणि नकाशे काढायला शिकून गेली. एका रात्रपाळीच्या माणसानं तिथं बसून दारू सोडली. सावाको घरी गेली की आईला म्हणायची, "आज एक माणूस सरळ उभा राहून गेला." मग बांधकामं मंदावली, तोक्योहून मनुष्यबळ विभागाचे नवे प्रमुख आले, निशिवाकी नावाचे, चाळिशीचे, दात फार पांढरे. त्यांना खोली पाहताच आवडली.

"कानामोरीसान, तुमच्याकडून माणसं हसत बाहेर पडतात म्हणे."

"कधी कधी."

"मग पंचावन्नच्या पुढच्यांना आता तुमच्याकडं पाठवतो. 'दुसरं आयुष्य' असं नाव दिलंय आम्ही. तुम्ही कुणाला जा म्हणायचं नाही हं, अजिबात नाही. फक्त विचारा, दहा वर्षांनी स्वतःला कुठं बघता? बाकी ते तुमच्याकडं थांबायची कला आहेच."

लक्षात आलं ना? कायद्यानं कंपनीला माणूस सहजी काढता येत नाही. त्यानं आपणहून निघावं लागतं. सुऱ्या नको, आरडाओरडा नको, एक प्रेमळ बाई आणि गरम चहा, बस्स. आणि या सगळ्याला एकच कुलूप होतं. कंपनीच्या वकिलानं निशिवाकींना आणि सावाकोला बसवून बजावलं होतं: माणूस तोंडानं स्वच्छ "मी जाणार नाही" म्हणाला, की संपलं. पुन्हा बोलावलं तर तो छळ ठरेल. मग त्याला फार तर गोदामात टाका, पण पासष्टीपर्यंत सांभाळा. हे अर्थात येणाऱ्या माणसाला सांगायचं नव्हतं.

आमच्या गावात स्वच्छ "नाही" म्हणणारा माणूस कुठून आणायचा? एकामागून एक आले. सावाकोनं विचारलं, ती थांबली. त्यांनीच अखेर मान खाली घालून म्हटलं, "आता तरुणांना जागा करून द्यायला हवी, नाही का." आणि जाताना तिचेच आभार मानले! सावाकोला जेवण जाईना. पण तिनं काम सोडलं नाही. तिला वाटायचं, मी नसले तर निशिवाकी स्वतः बसतील, ते तर चहासुद्धा देणार नाहीत. माणूस स्वतःची समजूत किती गोड घालतो बघा.

आणि मग वसंतात शिमाओसानांचं नाव आलं.

पहिल्या भेटीला ते आले, खुर्ची मागं सरकवून बसले, खोलीभर बघून म्हणाले, "ऐसपैस आहे गं. व्हॅनपेक्षा बरी." किनाऱ्यावर चमकणारे माकूळ यायला लागले होते, त्यांच्याविषयी बोलले. सावाकोनं तो प्रश्न विचारला, आणि दोघंही गप्प बसले. किटलीचं पाणी उकळून बंद पडलं. दोघांनी चहा घेतला. वेळ संपल्यावर ते उठले आणि दारातून वळून म्हणाले, "छान गप्प बसतेस हल्ली."

एवढ्या वर्षांत त्यांनी तिची सरळ शब्दांत केलेली ही पहिली स्तुती. तिनं प्रसाधनगृहात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

दुसरी भेटही तशीच गेली. निशिवाकींच्या कपाळाला आठी पडली. "तिसऱ्याला मीही बसतो. काय आहे, या खोलीचा खर्च वर दाखवावा लागतो मला. निकाल नसेल तर खोलीचंही बघावं लागेल आणि तुमचंही." हे ते हसत म्हणाले.

सावाकोनं ठरवलं, शिमाओसानांना घरी जाऊन सांगायचं. एकच वाक्य. 'जाणार नाही म्हणा.' एवढं सांगितलं की तो माणूस वाचला.

रविवारी ती गेली. बरोबर दाबभाताचा, म्हणजे मासोळी घालून दाबून बसवलेल्या भाताचा, डबा घेतला, हात हलवत कसं जायचं? दार शिमाओसानांनी उघडलं. रविवारची दुपार, आणि अंगात पांढरा शर्ट, गळ्यात टाय, पिन लावलेली. मागून त्यांची बायको फुमियो आली, ओले हात पुसत. "ऑफिसातल्या का तुम्ही? बघा ना, आज हे जेवायच्या सुट्टीत घरीच आलेत. मी यांना डबा दिला होता."

"दिला होतास," शिमाओसान म्हणाले. "छान होता."

फुमियो आत गेल्यावर ते व्हरांड्यात बसून हळूच म्हणाले, "तिला वार राहत नाही ध्यानात. रोजच सोमवार. सकाळी डबा करते, दारात उभी राहून मला वाटेला लावते, मग तिचा दिवस सुरळीत जातो. डॉक्टर म्हणतात, हे मोडू नका. म्हणून रविवारी मी गल्लीला वळसा घालून परत येतो." आणि हसले. "टाय मात्र काढता येत नाही गं. टाय नसला की ती मला ओळखत नाही नीट."

आता सांगा, याहून वेगळं काय कळायला हवं होतं? हा माणूस सकाळी कंपनीत जातोय तोवर त्याचं घर उभं आहे. सावाकोच्या जिभेवर वाक्य आलं होतं. पण आत फुमियो गुणगुणत भांडी विसळत होती, आणि तिच्या कानावर पडेल अशा अंतरावर 'कंपनी तुम्हाला घालवायला बसलीय' हे कसं म्हणायचं? शिवाय ज्यांनी बोलणं शिकवलं, त्यांना कसं बोलायचं ते आपण शिकवायचं? तिची जीभ रेटेना. त्यांना सगळं कळतंच, ते आपणहून नाही म्हणतील, असं तिनं स्वतःला सांगितलं. माकुळांवर बोलणं झालं, दाबभात खाऊन झाला, ती उठली. शिमाओसान कोपऱ्यापर्यंत सोडायला आले.

"काही सांगायचं होतं का तुला?"

"नाही, सहजच आले होते."

"हं," ते म्हणाले. "वारा सुटलाय. जा आता."

तिसरी भेट. निशिवाकी कोपऱ्यातल्या खुर्चीवर, गुडघ्यावर गुडघा टाकून. शिमाओसानांनी त्यांना वाकून नमस्कार केला, सावाकोला केला, बसले. सावाकोनं प्रश्न विचारला. दहा वर्षांनी स्वतःला कुठं बघता?

शिमाओसान तळहात गुडघ्यांवर ठेवून बसले. हा माणूस संध्याकाळपर्यंत असाच बसू शकला असता, आणि तेच बरं होतं. गप्प राहिले असते तरी ती भेट निष्फळ म्हणून संपली असती. पण सावाकोला कोपऱ्यातलं पेन टकटक करताना ऐकू येत होतं. तिच्या मनात आलं, आता निशिवाकी तोंड घालणार. ते बोलायला लागले तर शिमाओसान मान डोलावतील, कारण वरिष्ठांसमोर ते जन्मभर मानच डोलावत आलेत. निशिवाकींच्या आधी आपण काहीतरी बोललं पाहिजे. त्यांना धीर येईल असं, नाही म्हणायला वाट मिळेल असं, आणि कोपऱ्यातल्याला काही कळणार नाही असं. चहा ओततानाच तिचा हात इतका कापला की बशीत सांडला.

आणि ती आधी बोलली.

"शिमाओसान... घाई अजिबात नाही. घरच्यांचा विचार करा. फुमियोसानांचा. स्वतःला काय हवंय, तेच... तेच बोला. माझी काळजी करू नका."

शिमाओसानांनी मान वर केली. तिच्या हाताकडं पाहिलं, बशीतल्या चहाकडं पाहिलं, मग कोपऱ्यात निशिवाकींकडं. पुन्हा तिच्याकडं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं, जे व्हॅनमध्ये ती पहिल्यांदा मोठी ऑर्डर गमावून रडली होती तेव्हा आलं होतं.

"समजलं," ते म्हणाले. टायची पिन सरळ केली, उठले, आणि टेबलाला कपाळ लागेल इतके वाकले. "इतकी वर्षं सांभाळून घेतलंत. आता मी आपणहून निघतो."

सावाको म्हणाली, "नाही, तसं नव्हे..." पण निशिवाकी तोवर टाळी वाजवल्यासारखे हात जोडून उभे राहिले होते. "किती मोठं मन!" सही त्यांनी तिथंच घेतली. शिमाओसान गेल्यावर तिला म्हणाले, "शेवटी जरा ढकललंत ते फार झकास केलंत हं. आणि 'माझी काळजी करू नका'! वा! हे नव्या कोचना शिकवायला हवं."

शिकवायला लावलंही. त्या उन्हाळ्यात दुसऱ्या कारखान्यातून चौघं आले आणि सावाकोनं त्यांना फळ्यावर लिहून दाखवलं, प्रश्न, शांतता, आणि योग्य वेळी एक मऊ वाक्य. तिला शिमाओसानांना फोन करावासा वाटे. करून काय म्हणणार? तिनं नवीन वर्षाचं कार्डसुद्धा नेहमीचंच पाठवलं, तब्येतीला जपा. त्यांचंही आलं, तब्येतीला जपा.

जानेवारीत बर्फानं कहर केला. दुपारी खालून स्वागतकक्षातून फोन आला. "कानामोरीसान, एक बाई आल्यात, विक्रीच्या शिमाओसानांचा डबा घेऊन. इथं शिमाओ कुणीच नाही म्हटलं तर ऐकेनात."

ती जिन्यावरून धावतच उतरली. फुमियो दाराशी उभी होती. पायात घरातल्या चपला, मोजे भिजून काळे झालेले, केसांवर बर्फ. छातीशी रुमालात बांधलेला डबा. बर्फानं बस बंद असताना ही बाई एवढं अंतर कशी आली असेल, ते तिचं तिला माहीत.

"हे आज डबाच विसरले हो," ती ओशाळून म्हणाली. "मीटिंगमध्ये असतील ना? मी थांबते."

सावाकोनं तिला वर नेलं. गरम खोली तिला एकच माहीत होती. शिमाओसानांच्याच खुर्चीवर बसवलं, पायांना आपली शाल गुंडाळली, चहा दिला, आणि नवीन वर्षाच्या कार्डावरचा नंबर फिरवला. पलीकडं वाहनांचा आवाज होता. "आलो," एवढंच ते म्हणाले.

फुमियो चहाचा पेला गालाला लावून बसली होती. "तुम्हीच का त्या कानामोरी? हे सांगतात तुमचं. म्हणतात, एवढ्या माणसांना शिकवलं, पण खरं शिकली ती एकच."

सावाकोनं तिच्या पायांवरची शाल पुन्हा नीट खोचली. काय बोलणार, कपाळ?

शिमाओसान आले ते रस्त्याच्या कामावर वाहनं अडवणाऱ्या पहारेकऱ्याच्या वेशात. हेल्मेट, चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, कमरेला लाल दिव्याची दांडी, भुवयांवर बर्फ. रोज सकाळी टाय लावून, डबा घेऊन निघत, आणि कामावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये कपडे बदलत. त्या दिवशी बर्फ उपसायला पहाटेच बोलावलं, म्हणून फुमियो उठायच्या आधीच बाहेर पडले होते. तिनं उठून डबा केला आणि तो द्यायला नवरा कुठं दिसेना.

ते दारात उभे राहिले. "फुमियो."

तिनं त्यांच्याकडं पाहिलं आणि अदबीनं मान लववली, रस्त्यावर वाट करून देणाऱ्याला लववतात तशी. मग सावाकोकडं झुकून म्हणाली, "हे कोण? रस्ता बंद आहे का?"

शिमाओसानांनी हेल्मेट काढलं. तिनं पुन्हा पाहिलं. काही नाही. तेव्हा ते हळूच वाकले आणि रस्त्यावर दिवसभर बोलायच्या आवाजात म्हणाले, "होय बाईसाहेब, पुढं रस्ता बंद आहे. मी घरापर्यंत सोडतो तुम्हाला."

"बरं झालं," फुमियो म्हणाली. शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, डबा सावाकोच्या हातात दिला. "यांना द्याल ना? म्हणावं, भात गार झालाय, रागावू नका."

लिफ्टपाशी फुमियो पुढं गेली, तेव्हा सावाकोनं त्यांची बाही धरली. आता तिला आवरेना. "का गेलात तुम्ही? का म्हणालात तसं? मी तुम्हाला थांबा म्हणत होते! फक्त 'जाणार नाही' म्हणायचं होतं, मग कुणी काही करू शकलं नसतं! वकिलानंच सांगितलं होतं!"

शिमाओसान तिच्याकडं बघत राहिले. हे त्यांना आत्ता, या क्षणी कळत होतं, हे तिला दिसलं.

"तू आधी बोललीस," ते म्हणाले. "तू कधी आधी बोलत नाहीस. हात कापत होता तुझा. मला वाटलं, मी नाही म्हटलं तर तुझ्यावर बेतणार."

"तुम्ही मला विचारायचं तरी..."

"तू सांगायचंस तरी." त्यांचा आवाज चढला नाही. ते बाहीवरचा बर्फ झाडत होते. "रविवारी घरी आली होतीस. मी कोपऱ्यापर्यंत आलो होतो ना गं तुझ्याबरोबर."

लिफ्टचं दार उघडलं. फुमियोनं आतून हाक मारली, "अहो पहारेकरी, येताय ना?" आणि ते गेले. बाही धरलेला सावाकोचा हात तसाच अधांतरी राहिला होता, तो तिनं खाली घेतला.

खोलीत निशिवाकी येऊन बसले होते, कोपऱ्यात, नेहमीच्या जागी. "नातेवाईक होत्या का? बरं, हामोतोसान आलेत गोदामातले. तिसरी भेट आहे. आज होऊन जाईल बहुतेक."

हामोतो आत आले. जाड, घाबरलेला माणूस, बरं दिसावं म्हणून केलेल्या दाढीत गाल कापलेला. वाकून नमस्कार करून खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. सावाकोनं गार झालेला डबा टेबलावर ठेवला. किटली चालू केली नाही. हामोतो प्रश्नाची वाट बघत होते.

"नाही म्हणा," सावाको म्हणाली.

हामोतोंनी आधी तिच्याकडं, मग कोपऱ्यात पाहिलं, आणि ओशाळं हसले. "माफ करा, काय म्हणालात?"

"मी जाणार नाही, असं म्हणा. एवढंच म्हणायचंय तुम्हाला. मोठ्यानं म्हणा."

कोपऱ्यातली खुर्ची करकरली. निशिवाकी उठून उभे राहिले होते.